चावडीवरचा कागद : बीड जिल्ह्यातील पटवारी आणि तलाठी

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एका तालुक्यात आम्ही धर्मसेवेत असतानाची गोष्ट आहे. उन्हाळा लागला होता. पश्चिमेकडील साखर कारखान्यांचे पट्टे पडले होते आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावोगाव परतत होत्या. अशाच परतलेल्या एका कुटुंबातील कर्ता पुरुष हातात सातबाऱ्याचा उतारा घेऊन आमच्याकडे आला. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी निवर्तले होते. जमीन त्यांच्या नावावर होती. आता उताऱ्यावर केवळ चुलत्याचे नाव दिसत होते. वारसाची नोंद पौष महिन्यात धरली गेली, हरकतीची नोटीस चावडीवर लागली, मुदत उलटली आणि नोंद मंजूर झाली. त्या सगळ्या दिवसांत हा माणूस, त्याची पत्नी आणि मुले शेकडो मैलांवर उसाच्या फडात होती. त्याने आम्हाला एवढेच विचारले, "फादर, आमी हितं नव्हतोच, मग आमचं नाव कुणी काढलं?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच वाक्यात होते. तो तेथे नव्हता, म्हणूनच त्याचे नाव निघाले. चावडीवर जो हजर असतो त्याची नोंद होते आणि जो गैरहजर असतो तो कागदावरून पुसला जातो. हा अनुभव आजचा नाही. गावचे दप्तर कोणी लिहिले, कोणासमोर लिहिले आणि कोणाच्या पाठीमागे लिहिले, याचा इतिहास आपल्या जिल्ह्यापुरता जरी तपासला, तरी हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांनी समोर येते. त्या इतिहासाचा थोडा मागोवा घ्यावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

वतनाची लेखणी

बीड हा दख्खनच्या जुन्या सत्तांच्या सीमेवरचा मुलूख. बहामनी, निजामशाही, मोगल, आसफजाही अशा राजवटी आल्या आणि गेल्या. गावगाड्याची घडी मात्र बहुतांशी कायम राहिली. गावाचा प्रमुख पाटील, त्याच्या शेजारी हिशेब लिहिणारा कुळकर्णी. परगण्यावर देशमुख आणि त्याचा लेखक देशपांडे. ही सारी वतने होती, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारे अधिकार. राजा बदलला तरी वतनदार बदलत नसे, कारण कोणते रान कोणाचे, कोणी किती धारा भरला, हे ठाऊक असणारा तोच एक असे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने जमिनीची प्रत व पीक पाहून धारा ठरविण्याची जी व्यवस्था लावली, तीही अखेर पाटलाच्या जबाबदारीवर आणि गावच्या दप्तरावरच उभी होती.

महसूल हा त्या काळी किती धाकाचा विषय होता, याची आठवण अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या (१५५१–१६१५) चरित्रकथेत राहिली आहे. त्यांचे वडील दिगंबरपंत हे देशपांडे होते. सरकारचा वसूल भरण्यास विलंब झाला, तेव्हा बेदरच्या दरबाराने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवून घेतले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. कथेचा भक्तिपर भाग बाजूला ठेवला, तरी तिच्यातून एक गोष्ट कळते. लेखणी हाती असलेला माणूस गावापुढे सरकार होता आणि सरकारपुढे तोच गावाचा जामीन होता.

या चित्रात आणखी एक माणूस असे. तो म्हणजे गावचा महार. शिवेचे दगड कोठे आहेत, बांध कोठून फिरला, हे त्याला पिढ्यानपिढ्या तोंडपाठ असे. हद्दीचा तंटा लागला की त्याची साक्ष काढीत आणि ती मानली जाई. वसूल घेऊन जाणे, निरोप पोहोचविणे, सरकारी पाहुण्यांची सरबराई करणे ही कामेही त्याच्याचकडे होती. त्याच्या वाट्याला हाडोळ्याची जी जमीन येई, ती या वेठीच्या बदल्यात. चाकरी सुटली तर जमीनही सुटेल, अशी. ज्याच्या स्मरणशक्तीवर गावाच्या सीमा टिकल्या, त्याला दप्तरातले अक्षर मात्र वाचता येत नव्हते, कारण अक्षर त्याच्यापर्यंत पोहोचूच दिलेले नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) लेखणीवाल्यांवर जो कोरडा ओढला, तो मुंबई इलाख्यातील स्थिती पाहून. पण निजामाच्या मुलखात स्थिती याहून बरी नव्हती.

निजामी राज्यातील पटवारी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हैदराबाद संस्थानात महसूल वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरावी आणि रयतेकडून काय घ्यायचे ते घ्यावे, असा प्रकार होता. पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले आणि त्यांनी हा कारभार हळूहळू मोडून काढला. १८६५ च्या जिलाबंदीने राज्याचे जिल्हे आणि तालुके पाडण्यात आले व त्यांवर पगारी अधिकारी नेमण्यात आले. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास 'अव्वल तालुकदार' म्हणत. आजच्या जिल्हाधिकाऱ्याचा तो पूर्वज होय.

शेजारच्या मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात जमीन मोजणीची जी रयतवारी पद्धत बसविली, तीच पुढे मराठवाड्यातही आली. तेहतीस फुटांची साखळी घेऊन मोजणीदार रानोरान फिरले. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद असा तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला, जमिनीची प्रत ठरली आणि सरकारी आकार बसला. बालाघाटाच्या माथ्यावरील आष्टी-पाटोद्याचे माळरान आणि गोदाकाठच्या गेवराई-माजलगावची काळी जमीन यांतला भेद शेतकऱ्याला पूर्वीपासूनच ठाऊक होता. आता तो अंकांत उतरला.

परंतु वर अव्वल तालुकदार बसला आणि खाली मोजणी झाली, तरी गावातला माणूस तोच राहिला. निजामी राज्यात गावाला दोन पाटील असत, एक माली पाटील आणि दुसरा पोलीस पाटील. 'माली' या शब्दाचा माळी जातीशी संबंध नाही. 'माल' म्हणजे महसूल, त्यावरून तो शब्द आला. त्यांच्या जोडीला हिशेब ठेवणारा पटवारी. तिन्ही पदे वंशपरंपरेची होती. मुंबई इलाख्यात ज्याला कुळकर्णी म्हणत तोच आमच्याकडे पटवारी, आणि मराठवाड्यात हे आडनाव आजही ऐकू येते.

पटवाऱ्याच्या सत्तेचे एक कारण भाषेत होते. गावात मराठी बोलली जाई आणि दप्तर मोडीत लिहिले जाई. वरच्या कचेऱ्यांत प्रथम फारसी आणि १८८४ च्या सुमारापासून उर्दू चाले. वर्ष मोजायचे तेही फसली सनाने. त्यात ५९० मिळविले की साधारणपणे इसवी सन निघतो. महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी. शेतकऱ्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा कागद असा त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत, न कळणाऱ्या भाषेत आणि अपरिचित सनात लिहिलेला असे. या तिन्हींमधून वाट काढून देणारा एकच माणूस गावात होता. तो सांगेल ते खरे मानण्यावाचून रयतेला गत्यंतर नव्हते.

त्या राजवटीचे शब्द मात्र आपल्या तोंडी कायमचे राहिले. जमाबंदी, पाहणी, खातेदार, तहसील, मुन्तखब हे सारे तिकडून आलेले शब्द आहेत. त्यांपैकी मुन्तखब म्हणजे इनामाचा दाखला. देवस्थान, दर्गा वा मशीद यांच्या सेवेसाठी दिलेल्या 'खिदमतमाश' जमिनींचे तंटे आज जेव्हा उभे राहतात, तेव्हा वकील मंडळी प्रथम मुन्तखबच मागतात.

राज्य बदलले, दप्तर बदलले

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली. पुढील सहा-सात वर्षांत जमिनीच्या बाबतीत जेवढे कायदे झाले, तेवढे मागील शंभर वर्षांत झाले नव्हते. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या. १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला आणि 'संरक्षित कूळ' ही संज्ञा जन्मास आली. १९५४ च्या कायद्याने, सेवा-इनामांसारखे काही अपवाद ठेवून, इनामे नाहीशी करण्याचे ठरले. या सर्व कायद्यांचा गाभा एकच होता: प्रत्यक्ष नांगर धरणारा कोण?

हे ठरविण्यासाठी १९५४-५५ मध्ये हैदराबाद राज्यात गावोगाव खासरा पाहणी करण्यात आली. सर्व्हे नंबरवार मालक कोण आणि कब्जात कसणारा कोण, हे तीत लिहिले गेले. आज मराठवाड्यात जमिनीचा कोणताही जुना वाद निघाला की लोक 'खासरा पत्रक' शोधू लागतात, ते याच पाहणीचे. पण ही पाहणीदेखील लिहिली ती बहुतेक ठिकाणी त्याच पटवाऱ्याने. जेथे तो न्यायाने वागला, तेथे कुळाच्या नातवंडांना आज आधार आहे. जेथे मालकाच्या ओसरीवर बसून पत्रक भरले गेले, तेथे कूळ त्या दिवशी बांधावर असूनही कागदावर गैरहजर ठरले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्याबरोबर मुंबईची महसुली पद्धत व मुंबईचा 'तलाठी' हा शब्दही आपल्याकडे आला. गुजरातेत पगारी तलाटी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनच होते. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुळकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले आणि ज्या जातींना दप्तराला हात लावण्याची मुभा नव्हती, त्या जातींच्या शिकलेल्या तरुणांनाही ते काम दिले. या निर्णयाचे मोल आमच्या मते फार मोठे आहे. लेखणी ही घराण्याची मालमत्ता नसून शिकून मिळविण्याची आणि चुकल्यास काढून घेण्याची गोष्ट आहे, हे तत्त्व तेथे प्रथम प्रत्यक्षात आले. मुंबई राज्यातील उरलीसुरली कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली. महाराष्ट्रातील मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पद १ जानेवारी १९६३ पासून रद्द झाले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये संमत होऊन १५ ऑगस्ट १९६७ रोजी अमलात आला आणि साऱ्या राज्याला एकच महसुली कायदा मिळाला. आता गावचे दप्तर सांभाळणारा माणूस परीक्षा देऊन येणारा, बदली होणारा, पगार घेणारा सरकारी नोकर झाला. गाव त्याला 'तलाठी आप्पा' म्हणू लागले.

तलाठ्याचे दप्तर

तलाठ्याकडे एक साझा असतो, म्हणजे एक किंवा अनेक गावे. त्याच्या दप्तरात एकपासून एकवीसपर्यंत गाव नमुने असतात. नमुना एक हा आकारबंद. नमुना सहा फेरफाराचा, सहा-क वारसांचा. सात हा अधिकार अभिलेख आणि बारा हा पिकांची नोंद. हे दोन एका कागदावर आले की त्याला आपण 'सातबारा' म्हणतो. आठ-अ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा. नमुना तेरामध्ये गावची लोकसंख्या व जनावरे, तर विसामध्ये टपाल तिकिटांचासुद्धा हिशेब. आमच्यासारख्या, बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाला या दप्तराविषयी आपुलकी वाटते. एक चुकलेले अक्षर पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी आड येते, हे आम्हीही जाणतो.

नोंदीची रीत मुळात विचारपूर्वक आखलेली आहे. खरेदी झाली, वाटणी झाली वा खातेदार मरण पावला की तीन महिन्यांत वर्दी द्यावी. तलाठ्याने ती फेरफारात लिहावी, चावडीवर प्रत लावावी, हितसंबंधितांना नोटीस द्यावी आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे. हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत जावी. न आली तर मंडळ अधिकाऱ्याने तपासून नोंद प्रमाणित करावी. हाताने दप्तर लिहिले जाई त्या काळी सातबाऱ्यावर नवे नाव आधी पेन्सिलीने लिहीत आणि मंजुरीनंतरच शाईने. पेन्सिलीपासून शाईपर्यंतचे ते अंतर म्हणजे सामान्य माणसाला आपले म्हणणे मांडण्यासाठी कायद्याने दिलेला अवधी होता.

महसुली नोंद म्हणजे मालकीचा अखेरचा निर्णय नव्हे. तो अधिकार दिवाणी न्यायालयाचा. परंतु उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी, असे अधिनियमाचे कलम १५७ सांगते. ज्याच्या नावाची नोंद आहे त्याने स्वस्थ बसावे आणि ज्याचे नाव नाही त्याने वर्षानुवर्षे सिद्ध करीत राहावे, असा याचा व्यवहारातला अर्थ होतो. म्हणूनच गावातील माणसाच्या दृष्टीने तलाठ्याची नोंद हीच मालकी असते.

दुष्काळी जिल्ह्यात या लेखणीचे वजन आणखी वाढते. पीक सोळा आणे की आठ आणे, हे ठरविण्याच्या जुन्या पद्धतीला आणेवारी म्हणत. आणे गेले, 'पैसेवारी' आली, तरी लोकांच्या तोंडी आणेवारीच आहे. पैसेवारी पन्नासच्या खाली गेली तर गाव टंचाईग्रस्त ठरते, आणि साराविषयक सवलती व इतर मदत यांचा मार्ग मोकळा होतो. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्हा होरपळून निघाला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. त्या काळात गाव कोणत्या यादीत आले आणि कोणाचे नाव कामावर लागले, यावर घराची चूल अवलंबून होती.

जे बांधावर नव्हते

आता आमच्या त्या ऊसतोड कामगाराकडे पुन्हा वळू. बीड जिल्ह्यातून दर साली दसरा-दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. ती परततात चैत्र-वैशाखात. रब्बीची पीक पाहणी होते ती नेमकी या मधल्या काळात. पाहणी आधी कळवून, शेतकऱ्यांच्या समक्ष, प्रत्यक्ष शेतात जाऊन करावी, असा नियम आहे. पण ज्याच्या समक्ष करावयाची तोच गावात नसेल, तर बाराव्या नमुन्यात कोणाची वहिवाट लागेल? चावडीवरची नोटीस कोण वाचेल? नियम लिहिणाऱ्यांनी गावात बारमाही राहणारा शेतकरी डोळ्यांपुढे ठेवला होता. सहा महिने गाव सोडणारा अर्धा जिल्हा त्यांच्या ध्यानीमनी नव्हता.

दुसरी गोष्ट गायरानांची. ज्यांना स्वतःची जमीन नव्हती, अशा दलित कुटुंबांनी मराठवाड्यात पडीक गायराने फोडून तेथे ज्वारी-बाजरी पेरली. भूमिहीनांच्या या मागणीसाठी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये मोठे सत्याग्रह झाले. आपल्या जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातील दुकडेगावचे एकनाथ आवाड (१९५६–२०१५) यांनी हा प्रश्न आयुष्यभर लावून धरला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला, तेव्हा प्रश्न आला पुराव्याचा. वीस-वीस वर्षे जमीन कसणाऱ्यांपाशी कागद कोठला?

येथे तलाठ्याच्या दप्तरातील एक दुर्लक्षित वही कामास आली. गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. ज्याच्यावर अतिक्रमणाची नोंद झाली, ज्याला दंड झाला, ज्याने दंडाची पावती जपून ठेवली, त्याचा कब्जा सिद्ध झाला. ज्याच्याकडे तलाठ्याने काणाडोळा केला, त्याच्यापाशी काहीच नव्हते. त्यामुळे 'आमच्या नावावर गुन्हा लिहा, आम्हाला दंड करा,' अशी विनवणी करीत माणसे चावडीच्या पायऱ्या चढू लागली. शिक्षेची पावती हाच हक्काचा दाखला व्हावा, यावरून कागदापासून दूर ठेवलेल्यांची अवस्था समजून येते. हा प्रश्न अजून मिटलेला नाही. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कडक निकाल दिला. त्यात भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद असला, तरी ज्यांची नोंदच नाही त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार आहेच.

तिसरी गैरहजर व्यक्ती मात्र गावातच असते, घरातच असते. ती म्हणजे स्त्री. सातबाऱ्यावर 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे नाव लागते. बहिणींची नावे लागलीच तर 'इतर हक्क' या रकान्यात, आणि पुढे हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊन तीही कमी होतात. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक देऊन पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. हिंदू मुलींना महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित संपत्तीत जन्मतः वाटा मिळाला. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना लागू असणारा भारतीय उत्तराधिकार अधिनियम मात्र १९२५ चा आहे. मृत्युपत्र नसेल, तर विधवेला एक-तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलांना सारखे. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. एकत्र कुटुंबाची हिंदू कल्पना या कायद्यात नाही. असे असूनही आपल्या कित्येक घरांच्या उताऱ्यांवर 'ए. कु. मॅ.' लिहिलेले आम्ही पाहिले आहे. तो दोष एकट्या तलाठ्याचा कसा म्हणावा? वर्दी देताना बहिणींची नावे आपणच सांगितली नाहीत.

नवा कागद, जुना प्रश्न

गेल्या काही वर्षांत हे दप्तर संगणकावर गेले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहत बसणे पुष्कळ कमी झाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून करावयाची. पटवाऱ्याच्या मोडीकडे पाहत हात जोडून उभ्या असलेल्या पणजोबाला हे स्वप्नवत वाटले असते. २०२४ मध्ये तलाठी हे पदनाम बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' असे करण्यात आले. आणेवारीप्रमाणे तलाठी हा शब्दही लोकांच्या तोंडून लवकर जाईल, असे वाटत नाही.

परंतु ई-पीक पाहणीचे छायाचित्र काढावयाचे ते शेतात उभे राहूनच. फडावर गेलेला माणूस ते कोठून काढणार? कॅसर औगुस्ताच्या नावनिशीसाठी योसेफ आणि गर्भवती मरिया यांना नासरेथाहून बेथलेहेमापर्यंत चालत जावे लागले, कारण राज्याची वही त्यांच्याकडे येणार नव्हती. गरिबानेच वहीपर्यंत चालत जावे, ही रीत अजून पुरती सुटलेली नाही.

तलाठ्याविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. चार गावांचा कारभार, निवडणुकीची कामे, पंचनामे, नाना योजनांच्या याद्या, आणि वरून दोन्ही बाजूंचा रोष, अशी त्याची नोकरी असते. लाच मागणारे आम्हाला ठाऊक आहेत, तसेच रात्री उशिरापर्यंत बसून विधवेची वारसनोंद बिनखर्चाने लिहून देणारेही ठाऊक आहेत. पटवाऱ्याचे वतन जाऊन पगारी तलाठी आला, ही मोठीच सुधारणा झाली. तिचे फळ पदरात पडण्यासाठी वहीसमोर उभे राहणारी माणसेही हवीत.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. चुलत्याशी बोलणे व्यर्थ गेले. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागले. मुदत टळून गेली होती. विलंब माफ करून घेण्यासाठी टोळीच्या मुकादमाचा जबाब द्यावा लागला. जुने कागद काढता काढता तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चे खासरा पत्रक सापडले. त्यात त्या माणसाच्या आजोबांचे नाव कसणारा म्हणून स्पष्ट लिहिलेले होते. कोणा पटवाऱ्याने ते लिहिले, त्याचे नाव आम्हाला माहीत नाही. त्याने त्या दिवशी बांधावर जाऊन समोर दिसले ते लिहिले, एवढे खरे. त्या एका ओळीपासून वारसांची साखळी जुळविता आली आणि अडीच वर्षांनी वडिलांच्या सर्व वारसांची नावे सातबाऱ्यावर आली. आमच्या आग्रहावरून त्यांत दोन बहिणींचीही आली.

आता ते कुटुंब दिवाळीनंतर फडावर जाण्यापूर्वी एकदा उतारा काढून पाहते आणि गावातील एका शेजाऱ्याला चावडीवर लक्ष ठेवायला सांगून जाते. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराने एवढे तरी करावे, अशी आमची विनंती आहे. घरातील कर्ते माणूस गेले, तर तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी, आणि ती देताना आई, बहीण, मुलगी यांपैकी एकही नाव गाळू नये.